पुन्हा वर जाण्याची मुभा

शिकाऊ वैमानिकाचे छोटे विमान उतरताना धावपट्टीवरून घसरले, नाकावर आपटले किंवा बाजूच्या गवतात जाऊन कलंडले, की बातमीचा साचा ठरलेला असतो. विमान कोसळले, वैमानिक थोडक्यात बचावला, चौकशीचे आदेश. दोन दिवस त्या पोराच्या वयाची चर्चा होते. वैमानिक मुलगी असेल तर तिच्या मुलगी असण्याचीही होते, आणि ती फार वाईट भाषेत होते. मग सगळे विसरतात. ते पोर मात्र विसरू शकत नाही, कारण त्याला त्याच धावपट्टीवर पुन्हा उतरायचे असते.

या अपघातांबद्दल मला एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. शेवटच्या दहा सेकंदांत हात चुकतो हे खरे, पण तो हात तिथवर कसा पोचला हे आधीच ठरलेले असते. उड्डाणांच्या वेळापत्रकात, फीच्या हिशेबात आणि ‘जमत नाही, परत वर जातो’ असे म्हणायला वाटणाऱ्या भीतीत ते ठरते. उतरणे अर्ध्यावर सोडून पुन्हा वर जाण्याची मुभा आणि चुकलेले उतरणे न घाबरता सांगण्याची जागा, या दोन गोष्टी शिकाऊ वैमानिकाला मिळाल्याशिवाय हे अपघात कमी होणार नाहीत. गोव्यातल्या पालकांनी आणि सरकारने एक रुपया मोजण्याआधी या दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत.

गोव्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. मी एका उच्च माध्यमिक विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. 2023च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडणे, डिचोली, बार्देशातल्या पोरांना डोक्यावरून जाणारी विमाने रोजची झाली. बारावीनंतर पायलट व्हायचे आहे, असे म्हणणारे विद्यार्थी आता प्रत्येक तुकडीत भेटतात. त्याच वर्षी देशातल्या दोन मोठ्या विमान कंपन्यांनी मिळून जवळजवळ हजार विमानांची मागणी नोंदवली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, 2022मध्ये 1,165 व्यावसायिक वैमानिक परवाने दिले होते, ते 2023मध्ये 1,622 झाले. आपली पोरे शिकायला बारामती, धुळे, शिरपूर, गोंदियाला जातात, कोणी अमेठीकडच्या फुरसतगंजला, कोणी परदेशी. खर्च 40-50 लाखांच्या घरात, अनेकदा त्याहूनही वर. बाप शेतजमीन किंवा फ्लॅट गहाण ठेवतो. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

विमान उतरताना काय घडते ते नीट समजून घेतल्याशिवाय दोष कोणाचा हे ठरवता येत नाही, म्हणून थोडे पदार्थविज्ञान.

प्रशिक्षणात सर्रास वापरले जाणारे सेसना 172 धावपट्टीकडे येते तेव्हा त्याचा वेग 60 ते 70 नॉट असतो, म्हणजे ताशी 110 ते 130 किलोमीटर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे आमचे विद्यार्थी अकरावीत घोकतात. 60 नॉटांऐवजी 66 नॉटांनी आलात तर वेग 10 टक्केच जास्त, पण ऊर्जा 21 टक्के जास्त. ही जास्तीची ऊर्जा जिरवायला जागा लागते. त्यात भर अशी की विमान जमिनीजवळ, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर आले की हवेचा मागे ओढणारा रोध घटतो. सेसना 172ची ही लांबी सुमारे 11 मीटर आहे. मग विमान खाली बसायला तयार होत नाही, तरंगत पुढे जात राहते आणि धावपट्टी पायाखालून सरकत असते.

नवखा वैमानिक इथे घाबरतो. आता टेकलेच पाहिजे म्हणून तो सुकाणू पुढे ढकलतो. नाक खाली जाते आणि पुढचे चाक आधी आपटते. आघात सोसण्यासाठी मागची दोन मुख्य चाके बनवलेली असतात. पुढच्या चाकाचा दांडा त्यामानाने नाजूक असतो. विमान उसळते, नाक वर जाते. पोर पुन्हा पुढे ढकलते, पण तोवर विमान स्वतःच खाली यायला लागलेले असते, त्यामुळे दुसरा आपटा पहिल्यापेक्षा मोठा आणि तिसरा त्याहून मोठा. या डोलत्या उसळ्यांना वैमानिक ‘पॉरपॉइझिंग’ म्हणतात. दोन-तीन उसळ्यांत पुढचा दांडा मोडतो, प्रोपेलर जमिनीला घासतो आणि इंजिन झटक्यात थांबते. पहिल्या उसळीनंतर सगळे इतक्या वेगाने होते की विचार करायला वेळच उरत नाही.

उलटही होते. वेग कमी पडला आणि नाक लवकर उचलले, तर विमान तीन-चार मीटरवरून थेट खाली बसते. मोठी रुंद धावपट्टी यात डोळ्यांना फसवते. अरुंद पट्टीवर शिकलेल्या मुलाला रुंद धावपट्टी दिसली की आपण आहोत त्यापेक्षा खाली आलो आहोत असे वाटते, आणि तो वरच विमान आडवे करतो. किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. सकाळी शांत हवेत उड्डाण केले आणि दुपारी परतलो तर वायव्येकडून वारा सुटलेला असतो. 15 नॉटांचा वारा धावपट्टीशी 30 अंशांचा कोन करून आला तर त्यातले साडेसात नॉट विमानाला आडवे ढकलतात. सेसना 172च्या पुस्तिकेत चाचणीत दाखवलेला आडवा वारा 15 नॉटांचा आहे, पण तो सराईत चाचणी-वैमानिकाने दाखवलेला आहे. आठवडाभरापूर्वी पहिल्यांदा एकटे उडालेल्या पोराची मर्यादा त्याच्या निम्म्यानेही नसते.

या सगळ्यांवर एकच उपाय आहे आणि तो जगातल्या प्रत्येक उड्डाणशाळेत शिकवला जातो: गो-अराउंड. उतरणे जुळत नाही असे वाटले की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पूर्ण पुढे, नाक सावर, वर जा, एक फेरी मार, पुन्हा ये. सांगायला सोपे, करायला अवघड. थ्रॉटल एकदम पुढे केले की अशा विमानाचे नाक डावीकडे ओढले जाते, तेव्हा उजवा पाय वेळेत दाबावा लागतो. पाय विसरला तर विमान डाव्या बाजूने धावपट्टी सोडते. म्हणजे गो-अराउंडचाही सराव लागतो, उतरण्याइतकाच. आणि इथेच आपली व्यवस्था कमी पडते, असे माझे मत आहे.

परवान्यासाठी 200 तास उड्डाण लागते, त्यातले 100 तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची पूर्ण जबाबदारी घेऊन. तासांना पैसे पडतात. पावसाळ्यात उड्डाणे रखडतात, विमाने दुरुस्तीला असतात, इन्स्ट्रक्टर पुरेसे नसतात. पोरे आठवडे-आठवडे वसतिगृहात बसून राहतात आणि पाळी आली की एकदम उड्डाणे उरकतात. उतरण्याचे कौशल्य हे हातात टिकवावे लागते; दोन आठवडे उड्डाण नाही म्हणजे हात गेला. अशा मुलाच्या डोक्यात एकेक मिनिट मोजले जात असते. एक फेरी मारायला पाच-सहा मिनिटे लागतात. मागे दुसरे पोर विमानासाठी खोळंबलेले असते, खाली उभा इन्स्ट्रक्टर घड्याळ बघत असतो. त्या क्षणी त्याला वाटते, आता बसवूनच टाकू. बापाच्या कर्जाचा हप्ता त्या निर्णयात असतो. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. पैसा आणि वेळ यांचा दाब निर्णय बिघडवतो हे विमानसुरक्षेच्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले आहे. व्यावसायिक वैमानिकांना हे शिकवायचे आणि शिकाऊ पोरांना त्याच दाबाखाली ठेवायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

गोव्यात याचे उत्तर डोळ्यांसमोर आहे. दाबोळीच्या हंसा तळावर नौदलाने विमानवाहू नौकेसारखी चढती धावपट्टी आणि उतरणाऱ्या विमानाचा आकडा अडकवून त्याला थांबवणाऱ्या तारा उभारल्या आहेत. तेजसची नौदल आवृत्ती 13 सप्टेंबर 2019ला तिथल्या तारेत आकडा अडकवून थांबली आणि 11 जानेवारी 2020ला ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर उतरली. नौकेच्या डेकवर उतरताना वैमानिक काय करतो? चाके टेकताक्षणी तो इंजिनाला पूर्ण जोर देतो. आकडा तारेत अडकला तर विमान थांबते. नाही अडकला तर तो त्याच जोरावर डेकवरून वर निघून जातो आणि पुन्हा येतो. म्हणजे प्रत्येक उतरणे परत वर जाण्याच्या तयारीनेच केले जाते. डेकवरच्या अधिकाऱ्याने ‘उतरू नको’ अशी खूण केली की वाद नाही, वर जायचे. देशातल्या सर्वांत कसलेल्या हातांना जी मुभा आहे, ती 19 वर्षांच्या पोराला मागायला लाज का वाटावी?

प्रवासी म्हणून आपणही यात सामील आहोत. जुलैच्या पावसात मोपावर किंवा दाबोळीवर उतरत असलेले विमान अचानक वर गेले की आत बसलेले लोक देवाचे नाव घेतात आणि दुसऱ्या दिवशी ‘थरार’ म्हणून बातमी येते. वैमानिकाने नेमके करायचे तेच केलेले असते. एवढ्या मोठ्या विमानाच्या कॅप्टनलाही आपण वर जाण्याबद्दल संशयाने बघतो, तर एकट्या शिकाऊ पोरावर काय दडपण येत असेल?

आता दुसरी गोष्ट, सांगण्याची. उतरतानाचे बहुतेक अपघात जीव घेत नाहीत. अमेरिकेत लहान विमानांच्या अपघातांचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवला जातो. वैमानिकाच्या चुकीने होणाऱ्या अपघातांत सर्वांत मोठा वाटा उतरतानाचा असतो आणि त्यातले प्राणघातक फार थोडे. प्राण जातात ते अनेकदा थोडे आधी, धावपट्टीकडे शेवटचे वळण घेताना. वळण चुकून पुढे गेले म्हणून पोर ते ओढून घट्ट करू बघते, वेग उतरतो, पंखांचा आधार सुटतो आणि सावरायला उंची नसते. टेकताना मोडलेला दांडा ही त्यामानाने स्वस्तातली शिकवण आहे, पण ती सांगितली गेली तरच.

सांगितली गेली नाही तर काय होते? नाकावर जोरात आपटलेल्या सेसनाचे इंजिन ज्या पत्र्याच्या भिंतीला बसवलेले असते तिला सुरकुत्या पडतात, जोडांवर ताण येतो. बाहेरून चटकन दिसत नाही. पोराने दंडाच्या किंवा घरी पाठवण्याच्या भीतीने तोंड मिटले, इन्स्ट्रक्टरने उड्डाणे अडतील म्हणून नोंद केली नाही, तर तेच विमान दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पोराच्या हातात जाते. लपवलेल्या आपट्याची किंमत भलतेच कोणी तरी मोजते. स्कूटर शिकताना पडलेला मुलगा गुडघा झाकतो तेव्हा नुकसान त्याचे एकट्याचे असते. इथे तसे नाही.

कागद आणि हात यांच्यात केवढे अंतर पडू शकते हे दाबोळीने स्वतः पाहिले आहे. 2011च्या जानेवारीत तिथे एक प्रवासी विमान मुख्य चाकांआधी पुढच्या चाकावर टेकवले गेले. चौकशी सुरू झाली आणि त्या वैमानिकाने वरिष्ठ परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग देशभर परवाने तपासले गेले, आणखी बनावट कागद सापडले. त्याच वर्षी राजस्थानात न केलेल्या उड्डाणांचे तास लॉगबुकात चढवल्याचे प्रकरण बाहेर आले. यातून तपासणी कडक झाली, ते योग्यच झाले. पण केवळ कडकपणाने प्रामाणिक पोर जास्त घाबरते आणि लबाड माणूस जास्त सफाईने लिहितो. कडकपणा खोट्या कागदावर हवा. खरे सांगणाऱ्याला संरक्षण हवे.

हे कसे करायचे याची वाट नवी नाही. अमेरिकेत 1976पासून नासा ही संस्था वैमानिकांकडून गोपनीय निवेदने घेते. आपली चूक मुद्दाम किंवा गुन्हेगारी स्वरूपाची नसेल आणि ती वेळेत कळवली असेल तर वैमानिकाला दंडातून सूट मिळू शकते. नियम लावणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा, हे त्यातले मर्म. आपल्याकडेही स्वेच्छेने कळवण्याची तरतूद आहे, पण शिकाऊ वैमानिकापर्यंत ती भिंतीवरच्या सूचनेच्या रूपाने पोचते, सवयीच्या रूपाने नाही. ज्या संस्थेच्या प्रमुखाकडे तो चूक सांगणार, त्याच प्रमुखाच्या हातात त्याचे पुढचे उड्डाण असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. इतके सांभाळून घेतले तर अयोग्य पोरे पुढे सरकतील आणि उद्या दोनशे प्रवाशांचे विमान चालवतील. काही मुलांनी हा मार्ग सोडायला हवा हे मला मान्य आहे. आडव्या वाऱ्यात महिनोन्महिने पाय हलत नसेल तर इन्स्ट्रक्टरने स्पष्ट सांगावे, आणि आईबापांनी ऐकावे. पण हा निर्णय शिकवणाऱ्याने निरीक्षणाने घ्यायचा आहे, अपघाताने नाही. आणि निरीक्षणासाठी खरी नोंद लागते. जो विद्यार्थी आपल्या वाईट उतरण्यांची वही स्वतः ठेवतो, त्याला पारखणे सोपे असते. मस्ती करणारा, दारू पिऊन येणारा, परवानगीविना खाली उडणारा यांना शिक्षा व्हायलाच हवी. चूक आणि बेफिकिरी यांची गल्लत करण्याची गरज नाही.

संस्थांचे काय? 2023च्या ऑक्टोबरात बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने तीन दिवसांच्या अंतराने पडली, तेव्हा डीजीसीएने तिचे प्रशिक्षण थांबवले. 2025मध्ये डीजीसीएने उड्डाणशाळांची श्रेणीवार यादी काढायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेण्यांत एकही संस्था बसली नाही. ही यादी म्हणजे चांगले पाऊल आहे. विमान अपघात अन्वेषण विभागाचे अहवालही संकेतस्थळावर खुले असतात. ते इंग्रजीत आणि रूक्ष असतात, तरी पालकांनी एक तरी शेवटपर्यंत वाचावा. ‘वैमानिकाची चूक’ या ओळीच्या आधीच्या पानांवर देखरेख, इन्स्ट्रक्टर, हवामान, देखभाल असे बरेच काही असते, आणि वर्तमानपत्रात त्यातली शेवटची ओळ तेवढी येते.

उद्या गोव्यात उड्डाणशाळा आणायची टूम निघाली तर आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. दाबोळीवर नौदलाचे सराव आधीच चालतात आणि नागरी विमानांना उरलेल्या वेळात जागा मिळते. मोपाची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे, म्हणून ती शिकाऊ पोरांना सुरक्षित, असे वाटू शकते. पण जेट विमान गेल्यावर त्याच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे रेंगाळतात आणि ते सेसनाला उलटे करू शकतात. शिवाय मागे प्रवासी विमान आहे म्हणून ‘वेग कमी करू नका’ अशी सूचना मनोऱ्यावरून येते, आणि वेग जास्त झाला की पुढे काय होते ते वर लिहिलेच आहे. मोठ्या विमानतळाच्या वेळापत्रकात कोंबलेली उड्डाणशाळा मला नको आहे, मग तिच्यामुळे कितीही रोजगार येवो. शाळा आणायची तर तिच्यासाठी वेगळी पट्टी आणि खाऱ्या वाऱ्यांआधीची सकाळ राखून ठेवा.

तोवर पालकांनी प्रवेशाच्या कागदांवर सही करण्याआधी संस्थेला तोंडावर विचारावे. हार्ड लँडिंग, म्हणजे उतरताना जोरात आपटणे, झाल्याचे मुलाने स्वतः सांगितले तर त्याचे काय होते? नुकसान त्याच्याकडून वसूल करता का? गो-अराउंडचा सराव किती होतो, आणि त्या जादा फेरीचे पैसे कोण भरतो? आडव्या वाऱ्याची एकट्याने उडण्याची मर्यादा लिहून दिलेली आहे का, आणि ती मोडून कोणाला पाठवले गेले का? सलग किती दिवस उड्डाण चुकले तर पुन्हा इन्स्ट्रक्टरबरोबर उडावे लागते? उत्तर टाळणाऱ्या संस्थेत मुलाला ठेवू नये, ती कितीही जवळ किंवा स्वस्त असली तरी.

गोवा शिक्षण विकास महामंडळ विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज देते. वैमानिक प्रशिक्षणावर जिथे जिथे सरकारी पैसा जाईल, तिथे संस्थेने या प्रश्नांची लेखी उत्तरे आणि मागच्या तीन वर्षांतल्या उतरतानाच्या घटनांचा तक्ता अर्जाला जोडावा अशी अट घालता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, अर्जाच्या नमुन्यात एक पान वाढवावे लागते. पर्वरीच्या पुढच्या अधिवेशनात कोणत्याही पक्षाच्या आमदाराने हा प्रश्न विचारला तर मी त्यांना या लेखाच्या आधाराची सगळी माहिती द्यायला तयार आहे.